मूल कोणाकडे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, तेव्हा प्रथम मी नकोच म्हटले. मी वक्ती नव्हे आणि वकील तर नव्हेच नव्हे. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवण्यात गेली. त्यापलीकडे माझी विद्वत्ता नाही. मुलांना वळण कसे लावावे, अशा एखाद्या विषयावर मी बोलेन, अशी चिटणीसबाईंची अपेक्षा असावी. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्याच मंडळातल्या दोघीजणींनी मला वेगवेगळे बाजूला घेतले आणि आवाज खाली करून एकच प्रश्न विचारला. एकीच्या मुलीचा दावा चालू होता, दुसरीच्या मुलाचा. प्रश्न असा, की "मूल कोणाकडे राहील हो?"

त्यांनी मलाच का विचारले, हे येथे बसलेल्या बहुतेकींना ठाऊक आहे. माझी मुलगी नवऱ्यापासून वेगळी झाली आणि तिच्या मुलाच्या दाव्यापायी चार वर्षे मी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसून आले. तेथे जे ऐकले, जे वाचले आणि जे माझ्या हातून चुकले, ते आज सांगावे असे मी ठरवले. जी गोष्ट आपण कुजबुजत विचारतो ती एकदा मोठ्याने बोलली जावी, एवढाच हेतू.

न्यायालयात पहिल्या दिवशी माझ्या कानाला खुपला तो 'ताबा' हा शब्द. घराचा ताबा, शेताचा ताबा, जप्त मालाचा ताबा आपण ऐकतो. आता नातवाचा ताबा! मला तो शब्द फार लागला. पुढे कळले की शब्द जुनाच राहिला असला, तरी न्यायालयाची दृष्टी पुष्कळ पालटली आहे. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्टच सांगितले, की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि त्यांची खेळणीही नव्हेत.

ही दृष्टी सहजासहजी आलेली नाही. ज्या इंग्रजांकडून आपल्याकडे हे कायदे आले, त्यांच्या देशातही एके काळी मुलावर सगळा अधिकार बापाचाच असे. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने तिच्यापासून तोडले आणि तिला त्यांचे तोंडही दिसेना. तिने लेखणी हाती घेतली, पुस्तिका लिहिल्या, पार्लमेंटातील सभासदांना साकडे घातले. आणि १८३९ साली तेथे कायदा झाला. सात वर्षांखालील मूल आपल्याकडे असावे आणि मोठ्या मुलांची भेट मिळावी, असा अर्ज करण्याची मुभा आईला त्या कायद्याने प्रथमच मिळाली. एका आईच्या डोळ्यांतील पाण्यातून निघालेला तो कायदा होय.

आपल्याकडे १८९० सालचा पालक व पाल्य अधिनियम अजून चालू आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. मूल नेहमी जेथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज करावा आणि न्यायाधीशांनी मुलाचे हित पाहावे, असे त्यात सांगितले आहे. हिंदूंसाठी १९५६ साली अज्ञानत्व व पालकत्वाचा वेगळा कायदा झाला. त्यातही मुलाचे कल्याण हीच सर्वांत वरची गोष्ट, असे म्हटले आहे. मुसलमान भगिनींच्या वैयक्तिक कायद्यात, हनफी परंपरेप्रमाणे, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा हक्क आईचा मानला आहे. तथापि तेथेही न्यायालय मुलाच्या हिताकडे पाहतेच.

आता १९५६ च्या कायद्यातील एका वाक्याविषयी सांगते, कारण त्यावरून आपल्या घराघरांत मोठा गैरसमज आहे. पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल सामान्यतः आईकडे असावे, असे ते वाक्य आहे. यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला, की पाच वर्षे झाली की मूल बापाचे! नातवाचा पाचवा वाढदिवस जवळ येऊ लागला तशी माझी मुलगी रात्र रात्र जागत असे. जणू त्या दिवशी केक कापला, की दारात गाडी उभी राहणार! वस्तुतः तसे काहीही नाही. पाच वर्षांनंतर मूल आपोआप कोणाकडेच जात नाही. त्याचे हित पाहून न्यायालय ठरवते. आणि पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आईचे पारडे चांगलेच जड आहे. गोव्यातील एका दाव्यात खालच्या निकालाने असे लहान मूल वडिलांकडे गेले होते. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सांगितले, की एवढ्या लहान मुलाला सांभाळण्यास आई लायक नाही असे ज्याला म्हणायचे असेल, ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करीत बसायचे नाही.

दुसरा गैरसमज पालकत्वाचा. या कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून प्रथम बाप आणि 'त्यानंतर' आई, असे लिहिले आहे. हे शब्द आजही तसेच आहेत. पण त्यांचा अर्थ न्यायालयाने बदलला आहे. १९७० साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात वडील हयात होते, पण वीसएक वर्षे वेगळे राहत होते आणि मुलीच्या कारभारात लक्षच घालीत नव्हते. सर्व व्यवहार आईच पाहत होती. तेव्हा आईलाच नैसर्गिक पालक मानले गेले. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. नवराबायकोत काही तंटा नव्हता. प्रश्न होता आईच्या सहीच्या किमतीचा. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की 'त्यानंतर' म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर असे नव्हे. बाप जवळ नसेल किंवा लक्ष घालीत नसेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक आहे.

हा निकाल वाचताना मला माझी शाळा आठवली. प्रवेशाच्या अर्जावर आईने सही केली, की "वडिलांची सही आणा" म्हणून मीच कित्येकींना परत पाठवले आहे. त्यांतल्या काहीजणी मान खाली घालून मुकाट्याने जात. का जात, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. माझी मुलगी तशीच एका खिडकीवरून परत आली, तेव्हा ते लक्षात आले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. न्यायाधीश नेमके काय पाहतात? पुष्कळींना वाटते, ज्याच्याकडे पैसा जास्त त्याच्याकडे मूल जाणार. पैसा पाहतात, पण तेवढ्यावर निकाल होत नाही. आईची मिळकत कमी असेल तर बापाने मुलाच्या खर्चाची रक्कम द्यावी, यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. मुलाच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा अर्ज, नोटीस पोचल्यापासून होता होईल तो साठ दिवसांत निकालात काढावा, अशी दुरुस्ती २००१ साली झाली आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे मी जाणते. परंतु कायद्याचा आधार आहे हे आपल्याला ठाऊक असावे.

मग पाहतात ते असे: मूल आजवर कोणाच्या हाताने जेवले, कोणाच्या कुशीत निजले? त्याची शाळा, सवंगडी, भावंडे कोठे आहेत? घरात मारझोड, दारू असे काही आहे का? मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची इच्छा काय? यासाठी कायद्याने ठराविक वय सांगितलेले नाही. न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या खोलीत बोलावून एकट्याशी बोलतात. आई म्हणून नेहमी आईकडेच निकाल लागतो, असेही नाही. २००८ साली अलाहाबादला वडिलांजवळ अनेक वर्षे राहून तेथे रुळलेल्या एका मुलाला उपटून आईकडे लावणे सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या हिताचे वाटले नाही. आईला भेटीचा हक्क मिळाला. त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, की पोटात तुटते. पण न्यायालयाने मुलाच्या जागी स्वतःला ठेवले.

येथवर मी पुस्तकातले बोलले. यापुढचे माझ्या घरचे आहे.

आमच्या दाव्यात नातू माझ्या मुलीकडे राहावा आणि दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी अकरा ते पाच त्याने वडिलांबरोबर असावे, असा हुकूम झाला. प्रथम काही महिने ही भेट न्यायालयातील मुलांच्या खोलीत होई. भिंतीवर चित्रे, कोपऱ्यात खेळणी आणि दाराशी आमच्यासारख्या आयाआज्या, एकमेकींकडे न पाहता बसलेल्या.

माझा जावई वाईट नवरा ठरला, असे माझे मत होते आणि आजही आहे. पूर्वी मी त्यांना 'जावईबापू' म्हणत असे. वेगळे झाल्यावर माझ्या तोंडी 'तो माणूस' आले. एके दिवशी नातवाने विचारले, "आजी, तो माणूस म्हणजे बाबाच ना?" मी उत्तर दिले नाही, आणि शब्दही बदलला नाही.

शनिवारी मी त्याला डबा भरून देई, म्हणजे तिकडचे काही खायला नको. परत आला की चपला काढायच्या आत माझी उलटतपासणी सुरू होई. कोण कोण होते? आईबद्दल काय बोलले? काय आणले? एकदा त्याला नुसते पडसे होते. मी ताप आहे असे कळवून भेट चुकवली आणि मनात म्हणाले, मी लेकराला जपले. एकदा नव्हे, पुढे आणखी दोनदा मी असेच केले.

पुढे मुलाची भेट घरी व्हावी असा वडिलांनी अर्ज केला. समुपदेशक बाईंनी नातवाला एकट्याला आत नेले. बाहेर आल्यावर त्यांनी मला बोलावले. मुलगा म्हणाला होता, "मला तिकडे नाही जायचे. त्यांना बरी आता आमची आठवण झाली!" बाईंनी त्याला हळूच विचारले, "बाळा, हे वाक्य तुझे की कोणाचे?" तो गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी रागावणार नसेल तर मी जाईन."

भगिनींनो, एकतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासल्या. कोणते वाक्य मुलाचे आणि कोणते घरच्यांनी लिहून दिलेले, हे मला एका नजरेत कळत असे. आणि माझ्याच नातवाच्या तोंडी मी वाक्य घातले होते.

त्याच आठवड्यात चपलांचे कपाट आवरताना जुन्या बुटात मला एक लहानसे भिंग सापडले. वडिलांनी त्याला दिले होते. त्याला मुंग्या पाहण्याचा फार नाद. ते भिंग तो चोरून वापरत असे आणि पुन्हा बुटात लपवत असे. मी काही विचारले नाही; ते धुऊन पुसून त्याच्या अभ्यासाच्या मेजावर ठेवले. संध्याकाळी तो ते पाहून थिजला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. ती नजर मी विसरू शकत नाही. सात वर्षांचे मूल बापाने दिलेल्या वस्तूबद्दल शिक्षेची वाट पाहत उभे होते.

'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्यात म्हण आहे. मुलाला दोन घरे झाली म्हणून ते उपाशी राहत नाही; एका घरी जेवल्याबद्दल दुसऱ्या घरी जबाब द्यावा लागला, की उपाशी राहते.

मागाहून मला २०१७ सालच्या एका निकालाविषयी समजले. एक मुलगी दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हापासून आईपासून दूर, वडील आणि त्यांचे आईवडील यांच्याजवळ वाढली. आपल्याला वडिलांकडेच राहायचे, असा तिचा कल होता. सर्वोच्च न्यायालयाने विचार केला, की जी आईजवळ कधी राहिलीच नाही, तिला आई नको असे कसे धरावे? आणि मुलगी आईकडे सोपवली. एका पालकाविरुद्ध मुलाचे मन कलुषित करणे हा मुलावरच अन्याय आहे, याचा त्या निकालात विस्ताराने ऊहापोह आहे. वाचताना मला वाटले, तेथील आजी आणि मी यांत फरक तो काय? ती वडिलांकडची, मी आईकडची, एवढाच.

यावरून कोणी असे समजू नये, की काहीही झाले तरी मूल खुशाल पाठवावे. जेथे मारझोड आहे, नशा आहे, मुलाला अपाय होण्याची भीती आहे, तेथे गप्प बसणे हे पाप होय. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ सालच्या कायद्यात आईला मुलाचा तात्पुरता ताबा मिळू शकतो आणि भेटीने मुलाचे नुकसान होणार असेल तर न्यायदंडाधिकारी भेट नाकारू शकतात. अशा वेळी भीती खरी असेल तर ती न्यायालयापुढे उघड सांगावी. 'ताप आहे' असे खोटे सांगून नव्हे. खोटा ताप सांगणाऱ्या आपल्यासारख्यांमुळे खरी भीती सांगणाऱ्या बाईवर विश्वास बसेनासा होतो. माझ्या तीन खोट्या तापांचा हिशेब मी असा मांडते.

आता ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

पहिली, रागाच्या भरात मुलाला उचलून दुसऱ्या गावी नेऊ नये व त्याची शाळा मोडू नये. जीव वाचवण्यासाठी निघावे लागले तर गोष्ट वेगळी. पण मग ताबडतोब कायद्याचा आश्रय घ्यावा.

दुसरी, हुकूम मोघम घेऊ नये. वार, वेळ, मुलाला कोठे सोपवायचे, दिवाळीचे दिवस, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस, फोनची वेळ, सर्व लिहून घ्यावे. जे लिहिलेले नसते त्यावरून दर महिन्याला नवे भांडण होते. आईबाप दूर गावी असतील तर फोनवरील भेटसुद्धा भेटच आहे; २०२० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलवरून रोज थोडा वेळ बोलू देण्याचे महत्त्व सांगितले आहे.

तिसरी, पैसा आणि भेट यांची गाठ मारू नये. खर्च दिला नाही म्हणून भेट बंद आणि भेट दिली नाही म्हणून खर्च बंद, या दोन्ही वाटांनी नुकसान मुलाचेच होते. खर्चाच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे, तो धरावा.

चौथी, निकाल म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. मूल वाढते, परिस्थिती बदलते, आणि त्याप्रमाणे हुकूम बदलून मागता येतो. तेव्हा पहिल्याच निकालात सर्वस्व हरलो किंवा जिंकलो, असे मानू नये.

दोघांनी मिळून मूल सांभाळावे, अशी व्यवस्था कायद्यात असावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात केली. तिचा अद्याप कायदा झालेला नाही. पण दोघे शहाणे असतील तर त्यांना कोणाची आडकाठी आहे?

हे सारे करायला वकील परवडत नाही, असे पुष्कळींना वाटते. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ सालच्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, मग तिची मिळकत कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात त्यांची कचेरी असते. तेथे जाण्यात कमीपणा मुळीच नाही.

आमचे आता बरे चालले आहे. फार गोड झाले असे म्हणणार नाही. जावई दाराशी येतात. मी "या" म्हणते, ते "नको, निघतो" म्हणतात. परवा मी पहिल्यांदा पाण्याचा पेला पुढे केला. ते उभ्यानेच प्याले. नातू दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याने बूट घातले, भिंग खिशात टाकले आणि मला सांगितले, "आजी, पाचला येतो." डबा आता मी देत नाही. परत आल्यावर एवढेच विचारते, की भूक लागली आहे का?

शेवटी मंडळाला एक विनंती. शनिवारी दुपारी आपले हे सभागृह रिकामे असते. न्यायालयाच्या पायरीवर, रस्त्याच्या कडेला किंवा बसथांब्यावर मुलांची देवघेव करणारे आईबाप मी पाहिले आहेत. तशा कुटुंबांसाठी, विधी सेवा प्राधिकरणाशी बोलून, हे सभागृह महिन्यातून दोन शनिवार उघडे ठेवता येईल का, याचा कार्यकारी मंडळाने विचार करावा. चटई, चार खेळणी आणि प्यायला पाणी, एवढेच लागेल. दाराशी बसायला मी येईन. प्रश्न मात्र कोणालाच विचारणार नाही.